एडिस्टनचे दीपगृह

जमिनीवरील वाटसरूजवळ रात्री दिवा नसला तर फार तर त्याला ठेच लागते किंवा तो वाट चुकतो. समुद्रावरील वाटसरूची गोष्ट निराळी आहे. त्याच्या वाटेला कुंपण नाही, मैलाचा दगड नाही, आणि वाट विचारावयास कोणी भेटतही नाही. पाण्याखाली दडलेला एक खडक जहाजाच्या तळास लागला की घटकाभरात माल, माणसे व जहाज यांचा नाश होतो. म्हणून ज्या ज्या राष्ट्रांनी समुद्रावरून व्यापार केला, त्या त्या राष्ट्रांस किनाऱ्यावर दीपगृहे बांधावी लागली. टेकडीच्या माथ्यावर किंवा बंदराच्या तोंडाशी दीपगृह बांधणे हे त्या मानाने सोपे. परंतु भर समुद्रात, भरतीच्या पाण्यात नाहीशा होणाऱ्या खडकावर मनोरा उभारणे हे काम कित्येक शतके मनुष्याच्या शक्तीबाहेरचे मानले जात असे. ते प्रथम कोणी अंगावर घेतले, कितीदा फसले व अखेर कसे साधले, याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. विद्यार्थ्यांनी ती मुद्दाम वाचावी. कारण तीत यशाइतकाच अपयशाचाही भाग मोठा आहे.

खडक व त्याचा धाक

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात प्लिमथ नावाचे जुने बंदर आहे. तेथून दक्षिणेस सुमारे १४ मैलांवर, इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, एडिस्टन नावाच्या खडकांची एक रांग आहे. या नावाचा अर्थ ‘भोवऱ्याचा धोंडा’ असा सांगतात, व तो यथार्थ आहे. कारण खडकांच्या फटींतून भरती-ओहोटीचे पाणी सतत गरगरत असते. ओहोटीस या खडकांची काळी टोके वर दिसतात. पूर्ण भरतीस त्यांपैकी बहुतेक पाण्याखाली जातात. अटलांटिक महासागरावरून निघालेल्या लाटांना वाटेत कोठेही अडथळा नसल्यामुळे त्या सर्व जोरानिशी येथे येऊन आदळतात.

प्लिमथ बंदरात शिरणाऱ्या जहाजांस या खडकांना वळसा घालूनच यावे लागे. कित्येक जहाजे रात्री त्यांवर आदळून फुटली. इतर नावाडी त्यांच्या भीतीने इतके दक्षिणेकडे जात की, ते समोरच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरील खडकांवर जाऊन आपटत. एका धोक्यास चुकवावे तर दुसरा पुढे उभा, अशी ही स्थिती होती.

पहिला मनोरा

हे संकट दूर करण्याचा पहिला प्रयत्न कोणा नामांकित शिल्पशास्त्रज्ञाने केला नाही. तो केला हेन्री विन्स्टन्ली (१६४४–१७०३) या एका छांदिष्ट गृहस्थाने. हा एसेक्स परगण्यातील लिटलबरी गावी राहत असे. चित्रे कोरणे, यांत्रिक गमती करणे व त्या लोकांस दाखविणे हा त्याचा उद्योग. त्याच्या घरी पाहुणा एखाद्या खुर्चीवर बसला की खुर्चीचे हातच त्याला घट्ट कवटाळून धरीत! पुढे त्याने जहाजांत पैसा गुंतविला, व त्यांपैकी दोन जहाजे एडिस्टनवर आपटून गेली असे सांगतात. दुसरा कोणी असता तर दैवाला बोल लावून स्वस्थ बसला असता. विन्स्टन्लीने त्या खडकावर दिवा लावण्याचा निश्चय केला.

१६९६ साली कामास आरंभ झाला. हवा शांत असेल व ओहोटी असेल तेवढाच वेळ खडकावर उतरता येई. सबंध पहिल्या उन्हाळ्यात खडकाला बारा भोके पाडून त्यांत बारा लोखंडी गज बसविणे एवढेच काम झाले. दुसऱ्या वर्षी गजांभोवती बारा फूट उंचीचा भरीव दगडी खांब उभा राहिला. त्याच वर्षी एक विलक्षण प्रसंग घडला. तेव्हा इंग्लंड व फ्रान्स यांमध्ये युद्ध चालू होते. एका फ्रेंच लुटारू जहाजाने खडकावर येऊन विन्स्टन्लीला पकडले व फ्रान्सला नेले. ही बातमी चौदाव्या लुई राजाच्या कानी गेली तेव्हा त्याने त्यास तत्काळ सोडून दिले, आणि आपले युद्ध इंग्लंडशी आहे, मानवजातीशी नव्हे, असे उद्गार काढले अशी आख्यायिका आहे. एडिस्टनचा दिवा फ्रेंच जहाजांनाही तितकाच उपयोगी पडणार हे त्या राजास कळले होते.

१४ नोव्हेंबर १६९८ रोजी त्या मनोऱ्यात प्रथम चरबीच्या बत्त्या पेटल्या. वादळामुळे विन्स्टन्ली व त्याचे सोबती तेथेच अडकून पडले, ते नाताळास तीन दिवस उरले असता किनाऱ्यास लागले. त्या हिवाळ्यात लाटांचा फवारा दिव्याच्याही वर जातो हे दिसून आले. म्हणून पुढील वर्षी त्याने मनोरा जाड करून सुमारे १२० फूट उंच केला. परंतु त्याचा आकार अनेक कोनांचा होता. त्यास सज्जे, कमानी, नक्षी व वाऱ्याची दिशा दाखविणारे निशाण अशा अनेक शोभेच्या वस्तू जोडलेल्या होत्या. वाऱ्याला धरावयास जेथे जागा मिळू नये तेथे त्याने ती चहूकडे ठेवली होती.

लोक शंका काढीत तेव्हा विन्स्टन्ली म्हणे की, आजवर झाले नाही असे भयंकर तुफान होईल तेव्हा मी या मनोऱ्यातच असावे अशी माझी इच्छा आहे. ती इच्छा पूर्ण झाली. तेव्हाच्या इंग्लिश पंचांगाप्रमाणे २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्री इंग्लंडवर जे तुफान आले, त्यास आजही ‘महातुफान’ म्हणतात. त्यात हजारो खलाशी बुडाले. विन्स्टन्ली दुरुस्तीच्या कामासाठी नुकताच खडकावर गेला होता. सकाळी लोकांनी पाहिले तो एडिस्टनवर वाकलेल्या काही लोखंडी गजांवाचून काहीच उरले नव्हते. विन्स्टन्ली व त्याच्या सोबत्यांचा पत्ता लागला नाही. लवकरच व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारे ‘विंचेल्सी’ नावाचे जहाज त्याच खडकावर फुटले. दिव्याची किंमत काय होती हे दिवा गेल्यावर सर्वांस कळले.

दुसरा मनोरा

यानंतर पुढे आला तो जॉन रडयार्ड नावाचा लंडनमधील रेशमी कापडाचा व्यापारी. त्याने विन्स्टन्लीच्या साहसास हसण्याऐवजी त्याच्या चुका नीट पाहिल्या. कोन नको, नक्षी नको. मनोरा वाटोळा, गुळगुळीत व वर निमुळता असावा, म्हणजे वारा व लाट दोन्ही त्यावरून निसटून जातील, असे त्याने ठरविले. बांधकाम मुख्यत्वे ओकच्या लाकडाचे होते, आणि वजन यावे म्हणून तळाशी मधूनमधून ग्रॅनिट दगडाचे थर दिलेले होते.

मनोरा खडकास जखडण्याची त्याची युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याने खडकास तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद अशी ३६ भोके पाडली आणि ती वितळलेल्या चरबीने भरली. मग त्यांत तापविलेले लोखंडी खांब घातले व वरून कथिलाच्या जातीच्या मऊ मिश्र धातूचा रस ओतला. तो रस जड, म्हणून तो खाली गेला व चरबी वर येऊन वाहून गेली; मात्र लोखंडावर तिचा एक पातळ लेप राहिला. या लेपामुळे खारे पाणी लोखंडास शिवेना, व गंज चढेना.

१७०८ साली या मनोऱ्यात दिवा लागला, आणि १७०९ साली बांधकाम पुरे झाले. पुढे सुमारे ४७ वर्षे हा दिवा जळत राहिला. प्रारंभी तेथे दोनच दीपरक्षक असत. एकदा त्यांतील एक मरण पावला. मृतदेह समुद्रात सोडावा तर आपणच खून केला असे लोक म्हणतील, या भीतीने दुसऱ्याने तो तसाच ठेवला. वादळामुळे मदतीची नाव लवकर येऊ शकली नाही. ती आली तेव्हा जिवंत राहिलेल्या माणसाची जी दशा झाली होती ती वर्णन न केलेली बरी. तेव्हापासून तेथे तीन रक्षक ठेवण्याचा नियम झाला.

वारा व पाणी यांपुढे हा मनोरा हरला नाही. तो हरला अग्नीपुढे. डिसेंबर १७५५ च्या आरंभी एका रात्री दिव्याच्या खोलीस आग लागली. पहाऱ्यावर हेन्री हॉल नावाचा रक्षक होता. त्याचे वय ९४ वर्षांचे होते असे सांगतात. तो खालून वर बादलीने पाणी फेकीत असता छपरावरील शिसे वितळून त्याच्या तोंडावर व घशात पडले. तिन्ही रक्षक खडकाच्या कपारीत लपून राहिले व त्यांस नावेने सोडविण्यात आले. आपल्या पोटात शिसे गेले आहे, असे हॉल वारंवार सांगे. ते कोणी खरे मानीना. सुमारे बारा दिवसांनी तो वारला. वैद्याने देह तपासला तेव्हा पोटातून सात औंसांहून अधिक वजनाचा शिशाचा गोळा निघाला. तो गोळा आजही एडिंबरो येथील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. वृद्ध सेवकाने आपले काम सोडून पळ काढला नाही, याची ती साक्ष होय.

स्मीटनची करामत

आता तिसरा मनोरा कोणी बांधावा, असा सल्ला रॉयल सोसायटी या विद्वत्सभेस विचारण्यात आला. तिने नाव सुचविले जॉन स्मीटनचे (१७२४–१७९२). हा लीड्सजवळच्या ऑस्थॉर्प गावच्या एका वकिलाचा मुलगा. मुलानेही वकील व्हावे म्हणून वडिलांनी त्यास लंडनला पाठविले होते. पण त्याचे मन हत्यारांत व यंत्रांत रमलेले. त्याने तसे वडिलांस स्पष्ट लिहिले, आणि वडिलांनी मन मोठे करून त्यास आपल्या मार्गाने जाऊ दिले. आईबापांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. त्या एका परवानगीमुळे इंग्लंडला आपला एक श्रेष्ठ इंजिनियर लाभला.

स्मीटनने पूर्वीच्या दोन्ही मनोऱ्यांचा बारकाईने विचार केला. रडयार्डचा वाटोळा आकार त्याने पत्करला, पण लाकूड सोडून सर्व बांधकाम दगडाचे करण्याचे ठरविले. कारण मनोरा जितका जड तितका तो लाटेला कमी हालेल. आकाराचा नमुना त्याने ओक वृक्षाच्या बुंध्यावरून घेतला. हा वृक्ष मुळाशी रुंद असतो, वर जाताना आत वळत निमुळता होतो, आणि वादळात सहसा उन्मळत नाही. त्याप्रमाणे मनोऱ्याचा तळ २६ फूट रुंद ठेवून माथा १७ फुटांवर आणला. तळापासून सुमारे ३५ फुटांपर्यंतचा भाग त्याने अगदी भरीव ठेवला व खोल्या त्याच्यावर काढल्या.

दुसरा प्रश्न दगड एकमेकांस धरून ठेवण्याचा. सुतार पेटीच्या फळ्यांचे कोपरे जसे दातात दात अडकवून बसवितो, तसा प्रत्येक दगड शेजारच्या दगडात अडकेल अशा आकाराचा त्याने घडविला. लंडनच्या रस्त्यांच्या कडेस बसविलेले दगड पाहून ही कल्पना आपणास सुचली, असे तो सांगतो. वरचा थर खालच्या थरावरून सरकू नये म्हणून मधे संगमरवराच्या खुंट्या घातल्या. बाहेरून कॉर्नवॉलचा ग्रॅनिट व आतून पोर्टलंडचा दगड वापरला. सर्व दगड प्लिमथच्या किनाऱ्यावरील कारखान्यात घडवून, थर तेथेच जुळवून पाहून, मग नावांतून खडकावर नेत असत. खडकावर मिळणारा वेळ थोडा. तो चूक सुधारण्यात घालविणे परवडणारे नव्हते.

तिसरा प्रश्न सर्वांत बिकट, तो चुन्याचा. आपल्याकडे घाणीत वाळूबरोबर मळलेला चुना भिंतीत घातला म्हणजे तो हवेतील कर्बाम्ल वायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो. पण तोच चुना सतत पाण्यात राहिला तर घट्ट होत नाही. लाटा तो धुऊन नेतात. दिवसातून दोनदा भिजणाऱ्या बांधकामास साधा चुना काय कामाचा? स्मीटनने निरनिराळ्या ठिकाणच्या चुनखड्या आणविल्या, त्यांच्या चुन्याचे गोळे करून पाण्यात ठेविले, आणि कोणते घट्ट होतात हे पाहिले. मग त्या चुनखड्या त्याने शोऱ्याच्या तेजाबात विरघळविल्या. ज्या चुनखडीचा चुना पाण्यात घट्ट होई, ती विरघळल्यावर भांड्याच्या तळाशी चिकणमाती उरते, असे त्यास आढळले. तेव्हापर्यंत शुभ्र व शुद्ध चुनखडीच उत्तम असे गवंडी मानीत आले होते. पाण्यातील कामास मातीमिश्रित चुनखडीच हवी, हे स्मीटनने प्रयोगाने दाखविले. त्याने वेल्समधील ॲबरथॉ येथील चुना व इटलीतील पोझोलाना नावाची ज्वालामुखीची माती यांचे मिश्रण वापरले. पुढे १८२४ साली लीड्सच्याच जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्या मार्गावरील पहिली मोठी पायरी स्मीटनची होय. आज आपल्या गावोगावी जी सिमेंटची घरे उठतात, त्यांचे दूरचे नाते या खडकाशी आहे.

१२ जून १७५७ रोजी पहिला दगड बसला आणि १६ ऑक्टोबर १७५९ रोजी दिवा लागला. एवढ्या धोक्याच्या कामात एकाही मजुराचा प्राण गेला नाही. काम चालू असता वादळी रात्रीनंतर स्मीटन सकाळीच प्लिमथच्या ‘हो’ नावाच्या उंच पटांगणावर जाई व दुर्बिणीने समुद्राकडे पाही. खडकावर उसळणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या खांबातून आपले बांधकाम शाबूत दिसले म्हणजे तो निश्चिंत मनाने कारखान्यात परत येई.

मनोऱ्यात दोन लेख कोरलेले होते. कोठाराच्या खोलीत स्तोत्रसंहितेतील १२७ व्या स्तोत्राचा आरंभ होता. घर बांधणाऱ्यांचे श्रम देवाच्या साह्यावाचून निष्फळ होत, अशा आशयाचे ते वचन आपणांपैकी पुष्कळांस पाठ असेल. दिव्याच्या खोलीच्या दारावर देवाची स्तुती असो, या अर्थाचे दोन लॅटिन शब्द होते. ज्याने प्रत्येक गोळ्याची व प्रत्येक दगडाची स्वतः परीक्षा केली, त्यानेच हे लेख कोरविले. कसून प्रयत्न करणे व देवावर भरवसा ठेवणे यांत विरोध आहे असे त्यास वाटले नाही.

या मनोऱ्यात प्रथम चोवीस बत्त्या जळत. १८१० साली त्यांच्या जागी परावर्तक बसविलेले तेलाचे दिवे आले व १८४५ साली काचेचे मोठे भिंग आले. मनोरा मात्र तोच राहिला.

मनोरा बळकट, खडक दुबळा

मत्तयाच्या शुभवर्तमानातील खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. एडिस्टनवर मात्र एक विचित्र गोष्ट दिसून आली. मनोऱ्याचा एकही दगड ढळला नव्हता, परंतु शंभराहून अधिक वर्षे लाटांचे तडाखे खाऊन त्याखालचा खडकच पोखरला गेला. मोठी लाट आली की मनोरा हादरे. १८७७ साली नवा मनोरा बांधणे अवश्य आहे असे ठरले. इंग्लंड व वेल्समधील दीपगृहांचा कारभार ‘ट्रिनिटी हाउस’ या संस्थेकडे आहे. तिला आठव्या हेन्री राजाची सनद १५१४ साली मिळाली होती. या संस्थेचा मुख्य इंजिनियर जेम्स डग्लस याजकडे हे काम आले.

डग्लसने काही पावलांवरचा दुसरा, अभंग खडक निवडला. त्याभोवती बांध घालून व आतील पाणी उपसून पाया खोदला. १९ ऑगस्ट १८७९ रोजी कोनशिला बसली, आणि १८ मे १८८२ रोजी नवा दिवा लागला. डग्लसनेही आधीच्या मनोऱ्याचा एक दोष हेरला होता. स्मीटनच्या मनोऱ्याचा तळ वळणदार असल्यामुळे लाट त्यावरून घसरत थेट दिव्यापर्यंत चढे. म्हणून डग्लसने मनोऱ्याखाली ४४ फूट व्यासाचा उभ्या कडेचा गोल चौथरा बांधला. लाट तेथेच आदळून फुटते. दगडही त्याने बाजूंनाच नव्हे तर वर-खालीही एकमेकांत अडकविले. हा मनोरा सुमारे १६० फूट उंच, म्हणजे स्मीटनच्या ७२ फुटी मनोऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे.

मग जुन्या मनोऱ्याचे काय झाले? प्लिमथच्या लोकांस तो समुद्रात जाऊ द्यावासा वाटेना. त्याचा वरचा भाग दगड दगड करून उतरविण्यात आला, किनाऱ्यावर आणण्यात आला व ‘हो’ पटांगणावर नव्या पायावर पुन्हा जसाच्या तसा उभारण्यात आला. २४ सप्टेंबर १८८४ रोजी तो लोकांस खुला झाला. तळचा भरीव भाग मात्र खडकावरच राहू दिला. तो आजही नव्या दीपगृहाशेजारी उभा आहे.

आज ते पाहावयाचे तर

आपल्याकडील कित्येक तरुण उच्च शिक्षणासाठी इंग्लंडात जातात. त्यांपैकी कोणास सवड झाली तर त्याने हे स्थळ अवश्य पाहावे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून आगगाडीने तीन-साडेतीन तासांत प्लिमथला पोहोचता येते. स्थानकावरून ‘हो’ पटांगण पायी जाण्याइतके जवळ आहे. जाण्यापूर्वी मनोरा उघडा असण्याच्या वेळा विचारून घ्याव्या. त्या ऋतुमानाप्रमाणे बदलतात.

हिरव्या गवताच्या पटांगणात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो मनोरा दुरूनच नजरेत भरतो. आत ९३ पायऱ्या आहेत. त्यांतील काही तर शिडीसारख्या उभ्या आहेत, म्हणून वृद्धांनी जपून चढावे. वर जाताना एकावर एक अशा लहान वाटोळ्या खोल्या लागतात. भिंतीच्या वळणात बसविलेल्या निजावयाच्या खाटा पाहिल्या म्हणजे त्या जागेत महिनेच्या महिने तिघे जण कसे राहत असतील याचे आश्चर्य वाटते. दगड कोठे संपतो व कोठे सुरू होतो हे सांध्याच्या रेषांवरून ओळखता येते.

माथ्यावरील गॅलरीतून प्लिमथचे विस्तीर्ण बंदर दिसते. याच बंदरातून १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातील यात्रेकरू धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेस निघाले. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेस क्षितिजावर एक बारीक उभी रेघ दिसते; तेच आजचे एडिस्टनचे दीपगृह. जेथे उभा राहून स्मीटन दुर्बिणीने आपला मनोरा पाही, त्याच पटांगणावर आज तो मनोरा स्वतः उभा आहे, आणि आपण त्याच्या माथ्यावरून त्याच्या वारसाकडे पाहतो. समुद्र शांत असेल तेव्हा प्लिमथहून नावेने खडकांच्या जवळ जाऊन, डग्लसचा मनोरा व शेजारचा स्मीटनचा बुंधा ही दोन्ही एकत्र पाहता येतात.

त्या मनोऱ्यात आता कोणी राहत नाही. दिवा लागल्यास बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे १८ मे १९८२ रोजी, तो स्वयंचलित करण्यात आला. दिव्याच्या वर हेलिकॉप्टर उतरण्यासाठी मंच बांधलेला आहे, आणि १९९९ पासून दिव्यास लागणारी वीज सूर्यप्रकाशापासून मिळते. त्यावरील देखरेख एसेक्स परगण्यातील हार्विच येथून होते. विन्स्टन्लीचे गाव त्याच परगण्यातले, हा एक योगायोग.

इंग्लंडला जाण्याची सर्वांस सोय नाही. परंतु याच कुळातील एक मनोरा आपल्या मुंबईच्या तोंडाशी आहे. कुलाब्याच्या टोकापुढे समुद्रात प्रॉंग्ज नावाच्या खडकावर १८७५ साली बांधलेले दगडी दीपगृह बोटीतून जाताना दिसते. अलिबागेच्या बाजूस खांदेरी बेटावरही १८६७ सालापासून दीपगृह आहे. पुढच्या खेपेस त्या वाटेने जाल तेव्हा त्यांकडे नुसते चित्र म्हणून पाहू नका. त्यांच्या पायापाशी लाट कशी फुटते हे पाहा.

या हकीकतीचा बोध

विद्यार्थिमित्रहो, एडिस्टनवर एकामागून एक चार मनोरे झाले. पहिला वाऱ्याने नेला, दुसरा अग्नीने नेला, तिसऱ्याखालचा खडक समुद्राने पोखरला. परंतु प्रत्येक नवा बांधणारा मागच्याच्या अवशेषांपाशी शिष्यासारखा बसला. विन्स्टन्लीचे कोन पाहून रडयार्डने वाटोळा आकार घेतला. रडयार्डचे लाकूड जळालेले पाहून स्मीटनने दगड घेतला. स्मीटनच्या वळणावरून लाट चढलेली पाहून डग्लसने उभा चौथरा बांधला. परीक्षेत एखादा विषय राहिला म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहण्याचे धैर्य आपणांत किती जणांस असते? ती पाहणे कठीण असते, पण पुढील वर्षाचा पाया तेथेच सापडतो.

दुसरी गोष्ट अशी की, या चौघांनी ज्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या ते त्यांच्या ओळखीचे नव्हते. दीपगृहाचा दिवा बांधणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. तो पडतो परक्या देशांतील खलाशांच्या, व्यापाऱ्यांच्या, एखादे वेळी शत्रूच्याही. आज रात्रीदेखील अंधार पडताच एडिस्टनचा दिवा दर दहा सेकंदांत दोनदा चमकेल. त्याच्या आधारे इंग्लिश खाडीतून अनेक जहाजे निर्विघ्न जातील, आणि त्यांवरील बहुतेकांस विन्स्टन्लीचे किंवा हेन्री हॉलचे नावही ठाऊक नसेल. त्या दोघांचे काम मात्र चालूच आहे.